शिक्का राहतो, जामीनदार जातो

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली आणि दहा रुपयांचे नाणे पुढे केले, तेव्हा भाजीवालीने ते हातातही घेतले नाही. "काका, नाणं नको, पुढं कोणी घेत नाही," एवढे म्हणून ती शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नाणे खरे होते. दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षी कायदेशीर चलन आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते. परंतु दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे ही अफवा त्या खुलाशापेक्षा जास्त गावे फिरली. भाजीवालीचे म्हणणे नीट ऐकले तर नाणे खोटे आहे असे ती म्हणतच नव्हती. पुढचा माणूस ते घेणार नाही, एवढेच तिला ठाऊक होते, आणि तिच्या धंद्यापुरते तेवढे पुरेसे होते. मी मुकाट्याने खिशातली मळकी नोट काढून दिली.

दिवाळीत भाचा घरी आला, तेव्हा हा प्रसंग मी त्याला सहज सांगितला आणि फसलो. तो हिंजवडीत संगणकाचे काम करतो, पगारातला काही भाग बिटकॉइन या आभासी चलनात ठेवतो, आणि सरकार नावाचा मध्यस्थ पैशाच्या व्यवहारातून काढून टाकला तर सगळ्यांचेच भले होईल असे त्याचे ठाम मत आहे. "मामा, तुम्हीच बघा ना, सरकार ओरडून सांगतंय की नाणं खरं आहे, तरी बाई घेत नाही. मग सरकारचा शिक्का हवा कशाला?" या प्रश्नाला फराळाच्या ताटावर उत्तर देता येईना. मी २६ वर्षे एका पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली शेवटची ११ वसुली विभागात काढली. त्यामुळे पैशाबद्दलचे माझे मत नोटेपेक्षा थकबाकीच्या यादीवरूनच बनलेले आहे. भाच्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते अर्धे कोणते, हे लिहून काढल्याशिवाय मलाही नीट कळणार नव्हते.

सरकार नाहीसे झाले तर पैशाचे काय होते, याची कल्पना करत बसण्याची गरज नाही. तसे घडलेले आहे. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बार्रे राजधानी मोगादिशू सोडून पळाला आणि सोमालियाचे सरकार कोसळले. मध्यवर्ती बँक लुटली गेली आणि तिचा कारभार थांबला. नोटा छापणारे, जुन्या नोटा बदलून देणारे, त्या कायद्याने स्वीकारायला लावणारे असे कोणीच उरले नाही, आणि पुढची जवळजवळ दोन दशके साऱ्या देशावर हुकूम चालेल असे सरकार तेथे उभे राहिले नाही. (उत्तरेकडच्या सोमालीलँडने १९९४ मध्ये आपले वेगळे शिलिंग काढले. तो भाग मी येथे बाजूला ठेवतो, कारण जगातल्या बहुतेक देशांनी मान्यता दिलेली नसली तरी तेथे सरकार आहे.) पुस्तकी हिशेबाने सोमाली शिलिंगची रद्दी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात बाजारातली बाई दुसऱ्या दिवशीही त्याच नोटा घेऊन टोमॅटो विकत राहिली. काल ज्यांनी नोट घेतली ते उद्याही घेतील, या सवयीखेरीज त्या नोटेमागे काहीही नव्हते. आमच्या मंडईतल्या नाण्याची हीच गोष्ट उलट बाजूने घडलेली आहे. तेथे सरकार नसताना कागद चालला, येथे सरकार असताना धातू अडला.

यापुढचा भाग मला सर्वांत चित्तवेधक वाटतो. सरकार नसल्यामुळे नोटा छापण्यावरचा प्रतिबंधही गेला होता. टोळ्यांचे सरदार आणि बडे व्यापारी यांनी परदेशी छापखान्यांतून नोटा छापवून जहाजाने आणि विमानाने आणल्या. नक्षी जुनीच, आणि छापणारी म्हणून नाव अस्तित्वात नसलेल्या मध्यवर्ती बँकेचे. यांना खोट्या नोटा म्हणावे, तर खऱ्या छापणारा कोण, हा प्रश्न उरतो. लोक नव्या नोटांकडे काही काळ संशयाने पाहत, पण शेवटी त्या मिसळून जात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१७ च्या सुमारास केलेल्या अंदाजानुसार सोमालियात फिरणाऱ्या स्थानिक नोटांपैकी सुमारे ९८ टक्के बनावट होत्या. ज्या देशात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नोटा बनावट आहेत, तेथे बनावट या शब्दाला अर्थच उरत नाही.

अशा वेळी भाव गगनाला भिडून शिलिंग मरायला हवे होते. त्याची किंमत घसरली, खूप घसरली, पण एका ठिकाणी येऊन अडली. सर्वांत मोठी नोट १,००० शिलिंगची होती. ती परदेशात छापून मोगादिशूत पोहोचवायला साधारण तीन ते चार अमेरिकी सेंट खर्च येई, आणि नोटेची बाजारातली किंमतही घसरत घसरत तेवढ्यावरच येऊन थांबली. त्याखाली उतरली तर छापणाराच तोट्यात जातो, म्हणून तो छपाई बंद करतो. लहान नोटांची किंमत कागद आणि शाई यांच्या खर्चाहून कमी झाल्यावर त्या कोणी छापीना, आणि त्या बाजारातून आपोआप दिसेनाशा झाल्या. मग एखाद्या सरदाराने १०,००० ची नोट का छापली नाही? तशी नोट कोणी पाहिलेलीच नव्हती, म्हणून ती कोणी घेतली नसती. नोटेवर नवे शून्य चढवायला अधिकार लागतो, आणि तो कोणाकडेच नव्हता. झिंबाब्वेत तो होता. तेथल्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००९ मध्ये १०० लाख कोटी झिंबाब्वे डॉलरची एक नोट काढली. चलनाचा पार सत्यानाश करण्यासाठीही एक धडधाकट सरकार लागते, हे वाक्य भाच्याला आवडेल याची मला खात्री आहे.

तेव्हा सोमालियातला व्यवहार दुहेरी झाला. भाजी, चहा, बसचे भाडे शिलिंगमध्ये; घर, उंट, गाडी, आयातीचा माल डॉलरमध्ये. मोगादिशूच्या बकारा बाजारात सराफ नोटांच्या विटा रचून बसत आणि डॉलरचा भाव तेथेच ठरे. हजाराची नोट तीन-चार सेंटांची, म्हणजे एका डॉलरला २५-३० नोटा आल्या; शंभर डॉलर मोडून घ्यायचे तर पिशवीच लागणार.

दुसरे उदाहरण इराकी कुर्दिस्तानचे आहे, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री दूरदर्शनसमोर बसलेल्या कोणाही भारतीयाला ते लगेच समजेल. आखाती युद्धानंतर निर्बंधांमुळे बगदादला परदेशातून चांगल्या नोटा छापून आणता येईनात, म्हणून सद्दामची छबी असलेल्या हलक्या प्रतीच्या नोटा काढण्यात आल्या, आणि मे १९९३ मध्ये जुनी २५ दिनारची नोट रद्द करून ती बदलायला काही आठवड्यांची मुदत दिली गेली. उत्तरेकडचे कुर्द तेव्हा बगदादच्या ताब्यातून सुटलेले होते. त्यांना नोटा बदलायची संधीच मिळाली नाही. ते जुनीच नोट वापरत राहिले. तिच्या छपाईचे साचे स्वित्झर्लंडमध्ये घडवलेले होते म्हणून तिला 'स्विस दिनार' म्हणत. ती रद्द करणारे सरकार तिला पैसा मानत नव्हते, दुसरे कोणतेही सरकार तिची हमी घेत नव्हते, आणि तरीही दहा वर्षे ती चालली. इतकेच नव्हे, तर बगदादने आपल्या नोटांचा पाऊस पाडल्यामुळे आणि हिची एकही नवी प्रत निघत नसल्यामुळे, २००३ मध्ये सर्वांना नवे दिनार देण्यात आले तेव्हा सद्दामच्या एका दिनारला एक, तर एका स्विस दिनारला १५० असा दर ठरला. आपली जुनी पाचशेची नोट मात्र दोन महिनेही तग धरू शकली नाही. पहिले काही आठवडे ती बट्ट्याने, म्हणजे कमी किमतीत, घेणारे दलाल गल्लोगल्ली होते, पण मुदत संपताच तिचा कागद झाला, आणि २०१७ च्या कायद्याने तर दहाहून अधिक रद्द नोटा बाळगणे हाच गुन्हा ठरवला. येथे सरकार आणि बँका जागेवर होत्या, नवी नोट हळूहळू का होईना मिळत होती. कुर्दांच्या एर्बिल शहरात यांतले काहीच नव्हते.

भाच्याला न आवडणारी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. स्विस दिनारचा भाव मे २००२ मध्ये एका डॉलरला सुमारे १८ होता. वर्षभरात, सद्दाम जाणार हे दिसू लागले तसतसा, तो डॉलरला सुमारे ६ इतका वधारला. नोटा त्याच होत्या, त्यांची संख्याही तीच होती. उद्याचे सरकार या नोटांचा मान राखील, ही आशा मात्र वाढली होती. म्हणजे सरकारविना चालणारा हा पैसा काही अंशी येणाऱ्या सरकारच्या भरवशावर चालला होता.

आणि गेलेल्या सरकारच्या नावावर पैसा चालल्याची उदाहरणे शोधायला आपल्याला मोगादिशूला जावे लागत नाही. अठराव्या शतकात मराठी मुलखातल्या टाकसाळींतून पडणाऱ्या चांदीच्या रुपयांवर बहुधा मोगल बादशहाचेच नाव असे, मग त्या बादशहाचा हुकूम दिल्लीच्या वेशीबाहेर चालो वा न चालो. टाकसाळीचा परवाना पेशव्यांकडून खासगी इसमही घेत. अंकुशी, चांदवडी अशा नाना तऱ्हांच्या रुपयांतून खरा रुपया कोणता आणि त्यावर किती बट्टा, हे सराफाच्या पेढीवर ठरे. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो, तो हाच बट्टा. दुसरा शाह आलम १८०६ मध्ये वारला. ईस्ट इंडिया कंपनी त्याच्या नावाचे रुपये १८३५ पर्यंत पाडत होती. कंपनीला बादशहाचे प्रेम होते अशातला भाग नाही. लोक ते नाव पाहून रुपया घेत, म्हणून ते नाव. शिवरायांच्या नावाचा तांब्याचा पैसा, म्हणजे शिवराई, मराठी राज्य गेल्यावरही लोकांच्या कनवटीला राहिलाच. नोट किंवा नाणे ही अशी चिवट वस्तू आहे. पाडणारा मेला तरी ती मरत नाही.

येथवर भाच्याचे बरोबर आहे. आता उरलेले अर्धे.

पैसा म्हणजे केवळ हातातून हातात जाणारी नोट नव्हे. त्याचा फार मोठा भाग 'आज घे, नंतर दे' या बोलीवर उभा असतो, आणि ती बोली मोडणाऱ्याचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर नोटेत नसते. आमच्या पतसंस्थेत कर्ज देताना दोन जामीनदार घेत. हप्ते थकले की आधी फोन, मग घरी खेपा, मग जामीनदारांना पत्र, आणि कशानेच काम झाले नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. बोलताना आम्ही त्याला नुसते 'एकशे एक' म्हणत असू. 'त्याचे एकशे एक झाले' म्हणजे आता जप्ती होऊ शकते. अकरा वर्षांत प्रत्यक्ष जप्तीपर्यंत गेलेली प्रकरणे मी बोटांवर मोजू शकेन. पण बाकीचे शेकडो लोक महिन्याच्या दहा तारखेला खिडकीशी रांग लावत, त्या रांगेच्या मागे कुठेतरी तो दाखला उभा असे. ज्याला मी जन्मात पाहिलेले नाही अशा माणसाला पाच वर्षांसाठी दोन लाख रुपये द्यायला संस्था तयार होते, ती या दाखल्याच्या जोरावर. नोटेवर सही कोणाची, हा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे.

दाखला नसेल तर उधारी बंद पडत नाही, पण ती ओळखीच्या कुंपणात कोंडली जाते. माझी आई वीसेक वर्षे भिशी चालवत असे. बारा बायका, महिन्याला पाचशे रुपये. पाच तारखेला दुपारी चारला आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या जमत, पोहे होत, स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या पडत आणि सर्वांत लहान मूल त्यांतली एक उचले. जिचे नाव निघे तिला सहा हजार. नोंद एका लाल बांधणीच्या वहीत, 'आले' किंवा 'बाकी' एवढ्या दोनच शब्दांत. यात सरकार कोठेच नव्हते. करारपत्र नाही, पावती नाही, व्याजही नाही. आईचा एक नियम मात्र होता: जिच्या माहेरी किंवा सासरी आपले कोणी ओळखीचे आहे, तिलाच भिशीत घ्यायचे. एका वर्षी शेजारच्या इमारतीत भाड्याने राहायला आलेल्या एका बाईंसाठी तिने हा नियम वाकवला, कारण त्यांना मुलाच्या प्रवेशासाठी पैशांची नड होती. पाचव्या महिन्याला चिठ्ठी त्यांची निघाली, सहाव्या महिन्यात कुटुंब गाव सोडून गेले. उरलेले सात हप्ते आईने स्वतःच्या पैशांतून घातले. वहीत त्या सातही महिन्यांसमोर तिच्या अक्षरात 'आले' असेच लिहिलेले आहे. वडिलांना हे कळले त्या दिवशी घरात जेवण शांततेत झाले. पुढच्या वर्षीपासून आईने नियम पुन्हा कधी वाकवला नाही.

सोमालियात हीच गोष्ट साऱ्या देशाच्या मापाने झाली. परदेशी गेलेले सोमाली वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवतात, आणि बँका नसलेल्या काळात ती रक्कम हवाला पेढ्यांनी पोहोचवली. मिनेसोटात किंवा लंडनमध्ये पैसे भरायचे, फोनवर निरोप जायचा, आणि गावातल्या पेढीवर आईच्या किंवा भावाच्या हातात पैसे पडायचे. आपल्या हुंडीहून हे फार वेगळे नाही. पेढीवाल्याने गफलत केली तर कोर्ट नव्हते, पण त्याचे कुळ होते. सोमाली रूढ कायद्यात गुन्ह्याची भरपाई एकटा माणूस देत नाही, त्याचा भाऊबंदांचा गट देतो. पैशाच्या व्यवहारातला शब्दही याच नात्यांच्या जोरावर पाळला जाई. आमच्या दोन जामीनदारांच्या जागी तेथे शेकडो जामीनदार जन्मतःच मिळालेले असतात. ही व्यवस्था कौतुकास्पद आहे हे मी मान्य करतो, आणि हे कौतुक कोणाच्या जिवावर आहे तेही पाहावेसे वाटते. ज्यांना बलाढ्य कुळ नाही, उदाहरणार्थ जुबा नदीकाठचे बांटू शेतकरी किंवा पिढ्यान्‌पिढ्या हलकी मानली गेलेली कारागीर घराणी, त्यांच्या बाजूने उभे राहायला कोणी नव्हते. त्यांच्या हातातही तीच हजाराची नोट होती आणि तिला बाजारात तेवढीच भाजी मिळत होती. उधारीची गोष्ट वेगळी होती.

आयर्लंडमध्ये १ मे ते १७ नोव्हेंबर १९७० या काळात बँका संपामुळे बंद होत्या. लोक एकमेकांना धनादेश लिहून देत राहिले, आणि बँकेत न वटलेले ते धनादेश हातोहात फिरत राहिले. सरकारही बँकही नको, असे म्हणणाऱ्यांचे हे लाडके उदाहरण आहे. त्या धनादेशांची पारख बहुतेक ठिकाणी दुकानदार आणि गुत्तेवाले करत, कारण कोणते गिऱ्हाईक किती कमावते आणि किती पिते, हे त्यांना वर्षानुवर्षे माहीत होते. शिवाय बँका पुन्हा उघडल्या की हिशेब होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. भिशीचाच हा मोठा अवतार.

आज सोमालियात नोटांची विटाळलेली गड्डीही मागे पडली आहे. हॉर्मुड या फोन कंपनीच्या 'ईव्हीसी प्लस' सेवेवरून चहावालाही डॉलरमध्ये पैसे घेतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या पाहणीत सोळा वर्षांवरील सुमारे तीन चतुर्थांश लोक मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करताना आढळले. म्हणजे परक्या सरकारचा पैसा, खासगी फोन कंपनीच्या खात्यात. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो खूश झाला, पण बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे कोणालाही नेता येत नाही, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. संख्येची चिंता स्विस दिनारलाही नव्हती. मी त्याला एवढेच विचारले की त्याच्या फ्लॅटचे वीस वर्षांचे कर्ज त्याला बिटकॉइनमध्ये कोण देईल, आणि न फेडल्यास देणारा काय करील. त्यावर त्याने करारच आपोआप अंमलात येण्याची काही युक्ती समजावली, ती अशी की कर्ज घेण्याआधी त्याहून जास्त रक्कम तारण ठेवायची. ज्याच्याकडे ती आहे त्याला कर्ज कशाला हवे, हे विचारायचे राहून गेले, कारण तेवढ्यात बहिणीने चहा आणला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. कार्यालयातल्या मित्रांची भिशी सुरू करतो आहे, पैसे यूपीआयने येणार, चिठ्ठी मोबाइलवर निघणार, तर आजीची वही पाहायला मिळेल का, असे विचारत होता. मी पानांचे फोटो काढून पाठवले. सात 'आले' असलेले पानही पाठवले, आणि त्यामागची हकीकत त्याला प्रथमच सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. दोन दिवसांनी त्याने पाठवलेल्या अंतिम यादीत अकराऐवजी नऊच नावे होती. वगळलेले दोघे सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेले आहेत, एक ओडिशाचा आहे आणि एक मणिपूरचा, आणि पुण्यात त्यांना ओळखणारे अजून कोणी नाही.